पहिलं घावन भिड्याचं

आयेने भिडं माझ्यापुढे ठेवलं तेव्हा माझे दोन्ही हात नेमके मोकळे होते.

"घे गो कुंदा," माझी सासू म्हणाली. आवाज असा लावला, की ओटीवर टेकलेल्या सगळ्या भजनी मंडळाला ऐकू जावा. "आजची घावनां तुझ्या हातची."

भिडं म्हणजे बिडाचा जाड तवा. आता माझ्या सुना गुळगुळीत तव्यावर घावन घालतात, ते न चिकटता निघतं आणि चवीला कागदासारखं लागतं, ती गोष्ट वेगळी. पाताड्यांच्या घरातलं ते भिडं सासूच्या सासूने आणलेलं होतं. काळंभोर, मधे जरासं खोलगट, एका कानाचा तुकडा उडालेला. त्या दिवशी आयेने त्याच्या काठाला हळदकुंकवाचं बोट लावलं होतं. मला वाटलं, गणपतीचे दिवस आहेत, असेल एखादी रीत. पदर खोचून मी पाटावर बसले.

लग्न होऊन मी त्या घरात मे महिन्यात आले होते, म्हणजे हा माझा पहिला गणपती. वाडीतलं भजनी मंडळ दुपारपासून घरोघर फिरायचं आणि प्रत्येक घराचा पदार्थ ठरलेला असायचा. मेस्त्र्यांकडे काळ्या वाटाण्याची उसळ, तेल्यांकडे करंज्या, पाताड्यांकडे घावन आणि नारळाचा गोड रस. मंडळी देवासाठी यायची की घावनासाठी, हे कोणी विचारत नसे. पण बाकीच्या घरी तास तास रंगणारा अभंग आमच्याकडे कसा चटकन विठ्ठलाच्या पायाशी पोचायचा, एवढं मात्र मला पुढच्या वर्षांत दिसलं.

कांद्याची फोड तेलात बुडवून मी भिड्यावर फिरवली. पीठ ढवळलं, वाटी भरली आणि काठाकडून मधे अशी गोल ओतली. चर्रर्र झालं. झाकण ठेवलं, काढलं, उलथणं घातलं; घावन मधोमध फाटलं.

"पयला घावन भिड्याचा," आये हसत म्हणाली. "तेका धरूचा नाय. आता घालीत जा. आणि आयक, ज्या हातान पयला घातलंस त्याच हातान शेवटचा. मधेच हात बदललो काय भिडा रुसता."

"शेवटचा कोणाचा?" मी विचारलं.

"गायीचा. मधली माणसांची."

तेवढ्यात ओटीवरून तातू बुवांचा आवाज आला. हा आमच्या मंडळाचा म्हातारा बुवा. पेटी वाजवताना डोळे मिटायचा, पण कान कायम स्वयंपाकघराकडे. "काय गो, भिडा दिलंस धाकटीक? बरा केलंस! आता ह्या घराची काळजी मिटली. ए सदा, तू आता मुंबैत निर्धास्त. भिड्याची सून काय गाव सोडून जाणा नाय!"

सगळं मंडळ हसलं. पखवाजवाल्याने एक थापही मारली.

मी इंदूवैनींकडे पाहिलं. माझी थोरली जाऊ, दत्तूभावजींची बायको. आजवर हे भिडं तिच्याकडे होतं. ती पलीकडे बसून नारळाचा रस गाळत होती. तिने मान वर केली नाही. फडकं मात्र इतकं पिळलं, की त्यात पिळायला काही उरलं नसावं.

माझे वडील कणकवलीच्या बाजारात किराणा दुकान चालवायचे. गिऱ्हाईक पायरी चढतानाच ते घेणार किती आणि नुसतं चाचपणार किती, हे ओळखायला मी तिथे शिकले. सासरी आल्या आल्या मी या घराचाही हिशेब मांडला होता. भाऊ दोन, सुना दोन, सासू एक आणि भांडुपला खोली एक. दोघे भाऊ त्या खोलीत राहायचे. एकाची बायको गेली, की दुसऱ्याने गावकीच्या गाळ्यावर, म्हणजे गाववाल्यांच्या सामाईक खोलीत, झोपायला जायचं. तेवढं जमण्यासारखं होतं. दोघींनी मात्र जायचं नाही, कारण आयेजवळ कोणीतरी हवं. लग्नातच माझ्या नवऱ्याने माझ्या वडिलांना शब्द दिला होता, गणपती झाले की कुंदाला नेतो. आयेने त्या वेळी मान हलवली होती. आमच्याकडे मान हलवणं म्हणजे हो नसतं, ऐकलं एवढंच असतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माझी लोखंडी ट्रंक भरून आतल्या खोलीत तयार होती. वर नवीन स्टोव्हसाठी मी शिवलेलं फडकंसुद्धा ठेवलं होतं.

आणि इथे माझ्यासमोर भिडं तापलं होतं आणि पहिलं घावन मी घालून बसले होते.

सुटायचा मार्ग मला लगेच दिसला. दुकानात नको असलेलं गिऱ्हाईक घालवायचं असेल, तर वडील त्याला जुना माल दाखवायचे. मी पीठ न ढवळता वाटी भरली. वरचं पाणीच आलं. घावन विरविरीत झालं आणि भिड्याला चिकटलं. पुढचं जाड घातलं, कडेला कच्चं ठेवलं. मनात म्हटलं, असली घावनं खाऊन मंडळीच म्हणतील, आये, भिडं परत थोरलीला दे.

आयेने ती घावनं केळीच्या पानावर ठेवली, निरखली आणि पान उचलून दाराशी नेलं.

"घ्या बाबांनो, सांभाळून घ्या," ती ओटीवर म्हणाली. आवाजात नुसतं लोणी. "बाजारातली चेडवां ही. दुकानात वाढलेली. हेंच्या आवशीक बिचारीक वेळ खंय, घावन शिकवूक? पुड्यो बांधता बांधता दीस जाय."

"आमका चलतत," तातू बुवा म्हणाला. "देवान दात दिल्यान ते कशाक?"

पुन्हा सगळे हसले.

माझ्या आईच्या हातचं घावन कणकवलीत बाजारपेठेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माहीत होतं. मला आये काय करते आहे ते स्वच्छ कळत होतं. कळूनही माझा हात पिठात गेला, तळापासून ढवळून आला, वाटी भरली आणि भिड्यावर एक फेरा घेतला. झाकण काढलं तेव्हा घावनाला अशी जाळी पडली होती, की पलीकडचा माणूस दिसावा.

"हां!" आये म्हणाली. "ह्या बघ. हात आसा गो तुझो."

पुढचं त्याहून बरं झालं. रागाने माणसाच्या हातून एकतर फार वाईट होतं नाहीतर फार चांगलं, आणि माझं नशीब असं, की माझ्या हातून चांगलं होत गेलं. पानामागून पान ओटीवर जाऊ लागलं. तिथून वाहवा येऊ लागली. "काय जाळी! लुगड्याक लावूची!" कोणी म्हणालं. प्रत्येक वाहवा भिंतीवर एक चिरा ठेवत होती आणि भिंत माझ्याभोवतीच चढत होती. वाईट घावन घातलं तर माझ्या आईची अब्रू जात होती, चांगलं घातलं तर मी. आणि धड उठताही येत नव्हतं, कारण चाळीसेक माणसं अर्धपोटी आणि भिडं माझ्या हाताला लागलेलं.

माझा नवरा रिकामी पानं घेऊन दाराशी आला. सदानंद पाताडे. बोटात झांजेची दोरी, ओठावर रस. स्वभावाने असा गरीब, की मांजराने दूध प्यालं तरी तिचं संपेपर्यंत थांबेल.

"अवो, हयसर या जरा."

"रस संपलो?"

"रस रव दे. आयेन भिडा माझ्याफुडे ठेवल्यान."

"बघितलंय मी. सगळे नाव काढतत तुझा. तातू बुवा म्हणता—"

"तुमका आधी म्हाईत होता?"

त्याने झांजेची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. "आयेन काल सांगल्यान. म्हटला, आता सणाच्या दिवसात तुका कित्याक सांगू? राग येतलो."

"आणि माझी ट्रंक?"

"ट्रंक काय पळान जाता? फुडल्या वर्साक बघू."

"तुम्ही आयेक काय बोललात?"

"लोकांसमोर काय बोलू गो मी?" तो अगदी काकुळतीला आला. मग पानाकडे बघून म्हणाला, "आणि दोन दी. दत्तूदादान मागितल्यान. एक माका."

मी तीन दिली. तो खुशीत गेला. थोड्याच वेळात त्याची झांज इतरांपेक्षा मोठ्याने वाजायला लागली. त्यावरून ओळखलं, की त्याचं मन त्याला खातं आहे. त्याने मात्र तेवढ्यात आणखी एक घावन खाल्लं.

ओटीवर गजर सुरू झाला. पखवाज, झांजा, टाळ्या असा एकच गलका. आये तिकडे पानसुपारीचं तबक घेऊन गेली. स्वयंपाकघरात इंदूवैनी आणि मी, मधे भिडं.

"वैनी," मी म्हटलं, "महिनाभर माका शिकवलात, ता ह्येच्यासाठी?"

श्रावण लागल्यापासून ती मला रोज सकाळी चुलीशी बसवत होती. पीठ हलवल्याशिवाय वाटी भरू नको. भिड्यावर पाण्याचा थेंब नाचला तरच ओत. हात गोल फिरव, मनगटातून नको, खांद्यातून फिरव. माझ्या केसांना तेलसुद्धा लावलं होतं तिने. बाजारात वाढलेली मी; फुकट काही मिळत नाही हे मला झोपेतही पाठ. तरी तेवढा महिनाभराचा माल मी मोल न विचारता घरात घेतला होता.

"मगे कशाक शिकवलंय?" इंदूवैनी रसात वेलची टाकत म्हणाली. "तू काय माझी पाठची भैण?"

"आयेक तुम्हीच सांगितलात."

"सांगितलंय. म्हटला, कुंदाचो हात माझ्यापेक्षा हलको आसा. खोटा नाय सांगूक. चाखून बघ आणि मगे बोल."

"माका न्हेतले म्हणान ठरलेला. माझ्या बापाशीक शब्द दिल्यानी."

"माझ्या बापाशीकपण दिल्यानी होतो." तिने डाव बाजूला ठेवला. "पयल्याच गणपतीत न्हेतंय म्हणालेले. तेव्हा सून मी एकटी. मी गेलंय तर आयेक कोण? म्हटला, सदाचा लगीन होवंदे. दुसरी सून येवंदे. सदाचा लगीन काय लवकर होयना. तुका सांगतंय कुंदा, तुझ्यापेक्षा जास्त मी तुझी वाट बघितलंय."

"तर तुम्ही बोलूक होया होता."

"कोणाक? घोवाक? तो वर्साक आठ दीस येता. पयले दोन दीस तर माका ओळख पटूक लागतत. दरवर्सा तोंड नवा वाटता तेचा. जरा सवय होता, तवसर एस्टीची वेळ होता." भजनाचा आवाज वाढला तशी ती थोडी पुढे वाकली. "आणि लोक काय म्हणतत, आयकलंस मां? इंदूक पोर नाय. नवस बोल, अंगारो लाव, अमक्या देवाक नारळ दी. अगो, पोर काय टपालान येता?"

मला हसू आलं. आलं ते आलंच. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"झाकण काढ," ती म्हणाली. "करपता."

मी झाकण काढलं. ते घावन खालून लाल झालं होतं. तिने ते माझ्या हातातून घेतलं, घडी केली आणि स्वतः खाल्लं. सकाळपासून तिच्या पोटात काही गेलेलं नसावं.

त्यानंतर मी घालत गेले, ती पानं लावत गेली. बाहेर मंडळी तृप्त होत चालली. हे आवाजावरून कळतं, आधी अभंगातले शब्द सैल होतात, मग ताल. शेवटी आरती सुरू झाली. टोपात बघितलं तर एका घावनापुरतं पीठ उरलं होतं. गायीचं घावन.

मी वाटी भरली आणि तशीच हातात धरून बसले.

आता ते कोणी खायला थांबलेलं नव्हतं. कोणाच्या पानात कमी पडणार नव्हतं, आईला कोणी नाव ठेवणार नव्हतं. दुपारपासून मी अडकले होते ती माणसांच्या घावनांत. हे घावन गायीचं, आणि गाय कोणाला सांगायला जात नाही. पहिलं ज्या हाताने, शेवटचं त्याच हाताने. मग हात बदलला तर?

"वैनी," मी म्हटलं, "माझ्या पायाक गोळो इलो. ह्येवडा तुम्ही घाला."

इंदूवैनीच्या हातातली पानं खाली पडली.

"नको, कुंदा."

"गायीचा तर आसा. एकच. कोण बघता?"

"आये बघता."

खरंच, दारात आये उभी होती. हातात रिकामं तबक. कधीपासून ते कळत नव्हतं. ती पुढे आली नाही. मी उठले असते आणि इंदूवैनीने वाटी घेतली असती, तर भिडं पुन्हा तिच्याकडे जाणार होतं, आणि मंगळवारच्या एस्टीत माझी ट्रंक. हे मला कळत होतं, आयेला कळत होतं. आणि इंदूवैनीला आमच्या दोघींच्या आधी कळलं होतं. ती माझ्या हातातल्या वाटीकडे बघत होती, उपाशी माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे बघतो तसं नाही, त्याहून वेगळं. सवय झालेल्या माणसासारखं.

भिडं फार तापलं. त्यातून निळसर धूर यायला लागला.

"काय होया तुका?" इंदूवैनी म्हणाली.

महिनाभरात ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं सरळ वाक्य. सौद्यात मला असंच माणूस आवडतं.

"एक वर्स तुमचा," मी म्हटलं. "फुडल्या गणपतीत भिडा आयेन कोणाच्याय फुडे ठेवंदे, पयला घावन तुम्ही घालूचा. मी बोलवूक येवचंय नाय. आठवण करूचंय नाय. तुम्ही आपणहून येवचा."

"आणि नाय इलंय तर?"

"तर नाय इलात. मी काय करतलंय?"

तिने आयेकडे पाहिलं नाही. हात पुढे केला आणि भिड्याच्या काठावर, हळदकुंकवाच्या बोटाशेजारी, आपलं बोट टेकवलं. चटका बसलेला मला ऐकू आला. तिने ते लगेच काढलं नाही.

मी वाटी ओतली. हात गोल फिरला, खांद्यातून. त्या दिवसातलं सगळ्यात सुंदर घावन गायीने खाल्लं.

संध्याकाळी मी भिडं पुसत होते. भिडं कधी धुवायचं नसतं. राख लावून पुसायचं आणि तेलाचा हात द्यायचा. आये शेजारी येऊन बसली.

"दुकानदाराची चेडू खरी तू," ती म्हणाली.

मी पुसत राहिले.

"सौदो बरो केलंस. पण एक सांगतंय. मुंबैक गेलला माणूस परत येता, ता पावणो होवन येता. आणि पावण्याक कोण चुलीफुडे बसवता?" ती उठायला लागली, गुडघ्यावर हात टेकून. अर्ध्यावर थांबली. "ह्या भिडा माकापण कोणी इचारून दिल्यान नाय. सदाचो बापूस बोटीवर होतो. मी एकदापण समुद्र वलांडूक नाय."

मंगळवारी इंदूवैनी एस्टीत चढली. खिडकीतून तिने हात हलवला. त्या हाताच्या एका बोटाला चिंधी होती. दत्तूभावजी तिच्या शेजारी असे अवघडून बसले होते, जणू कोणा अनोळखी बाईशेजारी जागा मिळाली आहे. माझा नवरा मागच्या बाकावर. तो रडत होता, आणि रडताना शिदोरीची पिशवी मांडीवरून खाली पडणार नाही याचीही काळजी घेत होता. मी घरी आले आणि ट्रंक रिकामी केली. स्टोव्हचं फडकं भिड्यावर झाकायला घेतलं.

वर्ष कसं गेलं ते सांगत नाही. ज्यांनी काढलं आहे त्यांना माहीत आहे, आणि ज्यांनी काढलेलं नाही त्यांना ते पावसाचं आणि सुपारीचं वर्णन वाटेल. माझा नवरा मे महिन्यात आठ दिवस आला. पहिले दोन दिवस मला ओळख पटायला लागले. तेव्हा इंदूवैनीची खूप आठवण आली आणि रागही.

आषाढात निरोप आला, इंदूला दिवस गेले आहेत, पाचवा लागला आहे. आयेने घरात साखर वाटली. वाडीतल्या सगळ्या बायकांनी आपापल्या नवसाचं श्रेय घेतलं. मला आनंद झाला, तो खोटा नव्हता. पण त्याच वेळी मनाने बोटांवर मोजायला घेतलं: गणपतीत सातवा. सातव्या महिन्यातली बाई भांडुपहून एस्टीत रात्रभर हेलकावे खात कशाला येईल? आणि आली, तर तिला चुलीशी कोण बसू देईल? आयेने सांगितलेलं खरं होणार होतं, आणि यात कोणाचीच चूक असणार नव्हती. ज्यात कोणाचीच चूक नसते, असं नुकसान भरून निघत नाही.

मी ट्रंक भरली नाही. उधारी दारात येईपर्यंत ती आलीच असं धरायचं नसतं.

ती आली. मोठं पोट घेऊन, पाय सुजलेले, चेहरा भरलेला. दत्तूभावजी मागून दोन पिशव्या घेऊन, घामाघूम. "डाक्टर नको म्हणत होतो," ते आयेला सांगत होते. "आयकना नाय. गणपतीक जावकच होया म्हणान हट्ट." आता ते तिच्याकडे बघत होते, ते रोज बघितलेल्या माणसाकडे बघावं तसं. लगेच पाणी आणलं, उशी आणली. तिला ओटीवर खुर्चीत बसवलं. वाडीतल्या बायका येऊन तिच्या पोटावरून हात फिरवून गेल्या. माझ्याशी ती मोजकं बोलली. कशी आहेस, बरी आहे.

मंडळ आलं. तातू बुवांनी पेटी उघडली, डोळे मिटले. आयेने भिडं काढलं, हळदकुंकवाचं बोट लावलं आणि माझ्यापुढे ठेवलं. सवयीने. तिच्या तोंडावर ना जिंकल्याचा भाव होता ना वाईट वाटल्याचा. जे व्हायचं ते झालं, असं.

मी पाटावर बसले नाही. शेजारी जमिनीवर बसले, हात मांडीवर ठेवून. भिडं तापायला लागलं.

"घाल गो," आये म्हणाली. "गजर सुरू जालो."

माझे हात मांडीवरच राहिले.

"कुंदा."

भिड्यातून धूर निघायला लागला. बाहेर ओटीवर खुर्ची करकरली. मग बांगड्या. मग भिंतीला हात घासत येणारी पावलं. इंदूवैनी दारात आली. दम लागला होता. तिने चौकटीला धरलं, पाटाकडे पाहिलं आणि एक एक पाय दुमडत बसायला लागली.

"अगो, तू खंय बसतंस?" आये ओरडली. "दीस काय तुझे! उठ! लोक काय म्हणतले?"

"पयला घावन माझा, आये," ती म्हणाली.

तिने वाटी भरली. ओतली. मुंबईच्या स्टोव्हवर वर्ष गेलेलं. हात आखडला होता आणि पोट आड येत होतं. घावन फाटलं.

"भिड्याचा," मी म्हटलं.

तिने दुसरं घातलं. तेही फाटलं. ओटीवरून तातू बुवा विचारत होता, आज काय उपास आसा काय रे आमका? इंदूवैनीच्या कपाळावर घाम आला. आये माझ्याकडे बघत होती. टोप माझ्या हाताशी होता. मला नुसतं दिसत होतं काय चुकतंय. पीठ तळाशी बसलं होतं, एकदा ढवळायला हवं होतं, एवढंच. सातव्या महिन्यातली बाई आगीपुढे, आणि शेजारी माझे दोन रिकामे हात. माझा हात डावाकडे गेलासुद्धा.

इंदूवैनीने डाव्या हाताने माझं मनगट धरलं. तिच्या एका बोटाच्या टोकाला गुळगुळीत, पांढरट डाग होता.

"हात लावशीत तर बघ," ती म्हणाली. "उठ हयसून."

मी उठले. मागे तिने पीठ तळापासून ढवळल्याचा आवाज आला, मग चर्रर्र.

"आणि तू खंय चाललंस?" आयेने विचारलं.

"ट्रंक भरूक," मी म्हटलं.